बसण्याची मुभा

आमच्या घरी कोणी आले की कानावर पडणारा पहिला शब्द "बसा" हा असे. पाणी, गूळ, ख्यालीखुशाली हे सारे त्यानंतर. दारातूनच निरोप सांगून कोणी परतू लागला तर आजी कासावीस होई आणि "उभ्याउभ्या आलात, उभ्याउभ्या चाललात, घडीभर टेका तरी" असे म्हणत त्याला ओसरीवर आणल्याशिवाय राहत नसे. आजोबांचा अनुभव मात्र नेमका उलटा होता. ते मिरजेत एका कचेरीत कारकून होते आणि तीस वर्षांच्या नोकरीत साहेबांच्या खोलीत ते एकदाही बसले नव्हते. सेवानिवृत्तीच्या दिवशी साहेबांनी खुर्ची पुढे केली, हाताने विडा दिला आणि "बसा" म्हटले, ही गोष्ट त्यांनी आम्हाला पुढची वीस वर्षे सांगितली. पगार किती वाढला, बढती केव्हा मिळाली, यातले त्यांना काही आठवत नसे. त्या खुर्चीचे वेत कोणत्या बाजूने उसवले होते हे मात्र ते सांगू शकत.

मध्ययुगातल्या मुसलमान राजांचे उत्सव, त्यांच्या मैफली आणि दरबारी रीतिरिवाज यांविषयी मी गेली काही वर्षे हौसेने वाचतो आहे, आणि त्या वाचनात मला आजोबांची ती खुर्ची पुन्हा पुन्हा भेटत राहिली. सोन्याची सिंहासने, मोत्यांच्या झालरी, हत्तींवरचे जरीचे झूल यांची वर्णने वाचून डोळे दिपतात खरे, पण थोड्या वेळाने ती सगळी एकसारखी वाटू लागतात. लक्षात राहतो तो एक साधा प्रश्न, की त्या झगमगाटात बसले कोण होते आणि उभे कोण होते. हा प्रश्न मला सुचलेला नाही. तो विजापूरच्या एका सुलतानाने विचारलेला आहे.

सन 1603-04 मध्ये अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापूरला आला. शाहजादा दानियालसाठी आदिलशाही घराण्यातली मुलगी मागितलेली होती, आणि ते लग्न लांबणीवर पडत चालले होते. असद बेग तसा चौकस माणूस. विजापूरच्या बाजारातली जवाहिऱ्यांची, अत्तरांची, मद्याची दुकाने त्याने डोळे भरून पाहिली आणि परतताना तंबाखू नावाची नवी चीज आग्र्याला नेऊन खुद्द अकबरापुढे ठेवली. त्याची आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची भेट झाली तेव्हा सुलतान तिशी नुकताच ओलांडलेला होता. गाणे चालू होते आणि सुलतान त्यात इतका बुडालेला होता, की वकिलाच्या बोलण्याकडे त्याचे धड लक्ष लागत नव्हते. अखेर त्याने मान वर करून जे विचारले त्याचा लग्नाशी, खंडणीशी किंवा मोगलांच्या फौजेशी काही संबंध नव्हता. तानसेन बादशहापुढे उभा राहून गात असे की बसून, एवढेच त्याला हवे होते. तानसेनाला जाऊन तोवर चौदा-पंधरा वर्षे झाली होती, तरी प्रश्न जिवंत होता. असद बेगने उत्तर दिले, की दिवसा भर दरबारात गवयाला उभे राहूनच गावे लागते. रात्रीच्या बैठकीत, आणि नवरोज किंवा जश्न यांसारख्या सणांच्या वेळी बसून गाण्याची आज्ञा होते. सुलतानाला हे फारसे रुचले नसावे. गाणे ही सदासर्वकाळ ऐकण्याची गोष्ट आहे आणि गवयांना सुखात ठेवले पाहिजे, अशा आशयाचे काहीतरी तो बोलला.

एका दरबाराने दुसऱ्या दरबाराची केलेली एवढी नेमकी पारख मी दुसरीकडे वाचलेली नाही. या दोन वाक्यांच्या संवादात सणाची एक व्याख्याही दडलेली आहे. रोजच्या दिवशी जे उभे असतात त्यांना ज्या दिवशी बसता येते तो सण, असे असद बेगच्या उत्तरातून निघते.

याबाबतीत भाषेनेही गंमत करून ठेवली आहे. मजलिस, जलसा आणि जुलूस हे तीनही शब्द अरबीतल्या 'बसणे' या एकाच धातूपासून आले. मजलिस म्हणजे बसण्याची जागा, आणि जलसा म्हणजे बैठक. जुलूस म्हणजे राजाचे तख्तावर बसणे. म्हणून तर मोगलांच्या नाण्यांवर आणि फर्मानांवर राज्यारोहणापासून मोजलेले 'सन जुलूस' सापडते. आपल्याकडे येता येता या जुलूसाला पाय फुटले आणि तो रस्त्यावरून ताशांच्या गजरात चालू लागला. जलसा सत्यशोधकांच्या आणि पुढे आंबेडकरी शाहिरांच्या हाती गेला आणि तिथे तो उभ्याने, डफावर थाप मारून रंगला. आपला स्वतःचा 'बैठक' हा शब्दही याच जातीचा आहे. बैठकीची लावणी आणि खडी लावणी यांतला फरक केवळ नाचाचा नाही. कोणासमोर, किती अंतरावरून आणि कोणत्या अटीवर कला सादर होते याचा तो फरक आहे, आणि तमाशाच्या फडात वाढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

दरबारात राजा एकटाच बसलेला आणि बाकी सारे उभे, ही रीत काही एका धर्माची मिरास नव्हती. पण दिल्लीच्या सुलतानांनी तिचे जेवढे मोठे नाट्य उभे केले, आणि त्याचे जेवढे तपशीलवार वर्णन आपल्या हाती आले, तेवढे अन्यत्र क्वचित आढळते. याचे श्रेय मोरोक्कोतल्या तांजाहून निघालेल्या इब्न बतूताला. तो 1334 च्या सुमारास दिल्लीला पोचला आणि मुहम्मद बिन तुघलकाच्या पदरी काझी म्हणून राहिला. हजार लाकडी खांबांच्या दिवाणखान्यात सुलतान पांढऱ्या बैठकीवर, नमाजात बसतात तसा पाय दुमडून बसे. समोर वजीर उभा, त्याच्यामागे चिटणीस, मग हाजिब म्हणजे दरबाराची व्यवस्था पाहणारे अधिकारी, मग नकीब म्हणजे चोपदार, आणि दोन्ही बाजूंना ढाली-तलवारी घेतलेल्या हत्यारबंद लोकांच्या रांगा. साठ घोडे आणि पन्नास हत्ती आत आणले जात. सुलतानापुढे मस्तक झुकवायला हत्तींना शिकवलेले असे, आणि हत्ती झुकला की हाजिब मोठ्याने 'बिस्मिल्ला' म्हणत. मुजरा करणारा हिंदू असेल तर तेच लोक 'अल्ला तुला मार्ग दाखवो' अशी आरोळी देत. उभे राहण्याच्या या शिस्तीत माणूस आणि हत्ती यांना एकाच तालमीतून जावे लागे, हे इब्न बतूताने मुद्दाम सुचवलेले नाही, पण त्याच्या वर्णनातून ते आपसूक जाणवते.

ईदच्या दिवशी हा सारा पट नव्याने मांडला जाई. आदल्या रात्रीच मलिकांना, अमिरांना, चाकरांना पोशाख पोचते होत. सकाळी हत्ती रेशीम, सोने आणि रत्ने यांनी मढवले जात; त्यांतले सोळा हत्ती खास सुलतानाचे, ज्यांवर दुसरे कोणी चढत नसे. नमाजाहून परतल्यावर राजवाड्याच्या चौकात प्रचंड मंडप उभारलेला असे, त्यात रंगीत रेशमाची कृत्रिम झाडे फुलांसकट रांगेने लावलेली असत आणि झाडांच्या मधोमध गादी ठेवलेल्या सोन्याच्या खुर्च्या मांडलेल्या असत. मोठे सिंहासन शुद्ध सोन्याचे आणि तेवीस वीत उंच होते. ते सुटे करून आणत आणि त्याचा एकेक भाग उचलायला अनेक माणसे लागत. बुरुजाच्या आकाराची सोन्याची धूपदाणी पेटवली की ऊद, अंबर आणि लोबान यांचा वास साऱ्या मंडपात भरून राही आणि पोरे सोन्यारुप्याच्या भांड्यांतून गुलाबपाणी शिंपडत फिरत. हे सिंहासन आणि ही धूपदाणी वर्षातून फक्त दोन ईदांनाच बाहेर निघे. एकेकाने पुढे येऊन मुजरा करायचा, जहागीर असलेल्यांनी आपापले नाव लिहिलेल्या कापडात मोहरा बांधून आणायच्या आणि त्या सोन्याच्या भांड्यात टाकायच्या. मग सर्वांना जेवण.

इथवर वाचून मन सुखावते, आणि पुढच्याच परिच्छेदात ते आक्रसते. त्या संध्याकाळी गाणे आणि नाच सुरू होई आणि सर्वांत आधी कोणाला आणले जाई, तर वर्षभरातल्या लढायांत पकडून आणलेल्या हिंदू राजांच्या मुलींना. त्या गात, नाचत, आणि नंतर सुलतान त्यांना अमिरांत आणि परदेशी पाहुण्यांत वाटून टाकी. इब्न बतूता हे जेवणाच्या पदार्थांची यादी सांगावी त्या सुरात सांगतो. दरबारी संस्कृतीचे गोडवे गाणारी पुस्तके हे पान बहुधा पटकन उलटतात, आणि तिची केवळ निंदा करणारी पुस्तके हेच एक पान उघडून बसतात. मला दोन्ही प्रकार अप्रामाणिक वाटतात. रेशमाची झाडे खरी होती आणि त्या मुलीही खऱ्या होत्या, आणि एका उत्सवाच्या वर्णनातून दुसरा अर्धा भाग कापून काढता येत नाही. सोन्याच्या खुर्च्यांच्या त्या मंडपात त्यांना बसायला कोणी सांगितले नसेल, एवढे निश्चित.

याच प्रवाशाने आपल्या मुलखातले एक दृश्यही टिपले आहे आणि ते अगदी वेगळ्या चालीचे आहे. सन 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीला दौलताबाद केले आणि दिल्लीची माणसे तिथे हलवली. इब्न बतूता 1342 च्या आसपास तिथून गेला तेव्हा राजधानीचा तो डाव मोडला होता, पण शहर भरलेले होते. तिथे गाणाऱ्या-बजावणाऱ्यांचा एक स्वतंत्र बाजार होता, त्याचे नाव तरबाबाद. तरब म्हणजे गाण्याने होणारा आनंद, अंगावर काटा आणणारा. त्या बाजारातल्या प्रत्येक दुकानाला दोन दारे, एक रस्त्याकडे आणि एक मागच्या घराकडे. दुकानात गालिचे अंथरलेले आणि मधोमध मोठा पाळण्यासारखा झोका, त्यावर गाणारी बसलेली किंवा रेललेली, आणि तिच्या सख्या तो झोका हलवत असलेल्या. बाजाराच्या मध्यावर गालिच्यांनी सजवलेला घुमट होता. दर गुरुवारी दुपारच्या अखेरच्या नमाजानंतर गवयांचा मुख्य अमीर तिथे येऊन बसे आणि सूर्यास्तापर्यंत एकामागून एक गायिका येऊन गात आणि नाचत. बाजारात मशिदीही होत्या. आणि मग इब्न बतूता असे सांगतो, की एक हिंदू राजा या बाजारावरून जाताना त्या घुमटाशी उतरत असे आणि त्याच्यासमोर गायिका गात; एका मुसलमान सुलतानानेही तसेच केले होते.

मी हे वाचून दौलताबादला गेलो होतो. किल्ला पाहायला आलेल्यांच्या गर्दीत मी एकटाच पायथ्याच्या शेतांकडे, बाभळींकडे आणि पडक्या भिंतींकडे पाहत उभा होतो. तरबाबाद कुठे होते हे सांगणारा दगड तिथे नाही. रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडून सीताफळे विकणाऱ्या बायका बसलेल्या होत्या. मला राहून राहून त्या वर्णनातल्या एका क्रियापदाचे नवल वाटत होते. राजा 'उतरत असे'. ज्याच्यापुढे सारे उभे राहतात, तो आपणहून वाहनावरून खाली येतो आणि जी झोक्यावर बसली आहे तिचे ऐकतो. दर गुरुवारी सूर्यास्तापर्यंत तेवढ्या घुमटापुरता दरबार उलटा होत असे. त्या बायकांचे आयुष्य सुखाचे होते असे मी म्हणणार नाही. बाजार तो बाजारच. तरीही दिल्लीच्या त्या संध्याकाळीपेक्षा हा गुरुवार मला माणसांच्या जवळचा वाटतो.

गाणे आणि राजा यांतले हे अंतर किती असावे, याचा घोळ बगदादच्या अब्बासी खलिफांपासून चालत आला आहे. सुरुवातीचे खलिफा गवयांसमोर येत नसत. मध्ये पडदा असे आणि पडद्याआडून ते ऐकत. पुढे खलिफा महदीने हा पडदा बाजूला सारला, कारण ज्याने आनंद दिला त्याला पाहण्यातच खरा आनंद आहे असे त्याला वाटू लागले, अशी आख्यायिका अरबी ग्रंथांत येते. त्याच महदीचा मुलगा इब्राहिम आणि मुलगी उलैया दोघेही नामांकित गायक झाले. राजपुत्राने ऐकावे की गावे, यावर तेव्हा बरीच कुजबूज झाली असणार. आठशे वर्षांनंतर दुसऱ्या एका इब्राहिमाने, विजापूरच्या, तो प्रश्न आपल्यापुरता कायमचा निकालात काढला.

त्याच्याविषयी मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको, तरी थोडे सांगतो. नऊ वर्षांचा असताना 1580 मध्ये तो गादीवर आला, चुलती चांदबिबीच्या देखरेखीखाली वाढला आणि 1627 पर्यंत राज्य केले. 'नवरस' हा शब्द त्याने इतका उराशी धरला, की त्याच्या शहराचे, महालाचे आणि नाण्याचे नाव त्यावरून पडले. पदरच्या फिरिश्त्याच्या इतिहासालाही नवरसनामा म्हणू लागले. स्वतः दख्खनीत रचलेल्या गीतांचा 'किताब-ए-नवरस' त्याने केला, त्यात 59 गीते आणि 17 दोहे आहेत. सरस्वती, गणपती आणि गुलबर्ग्याचे सूफी संत गेसूदराज हे तिघेही त्यात एकाच भक्तिभावाने येतात. आतिशखान नावाचा हत्ती आणि मोतीखान नावाचा तंबोरा यांनाही त्यात स्थान आहे. तंबोऱ्याला खानाचा किताब देणारा हा राजा. चित्रांत तो कधी तंबोरा, तर कधी करताल घेतलेला दिसतो. चित्रातले ते वाद्य मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी लहानपणापासून पाहत आलो त्या भोपळ्याच्या तंबोऱ्यासारखे नाही, आणि ते नुसते सूर धरण्यासाठीही नसावे. नाव तेवढे टिकले आहे. असद बेगच्या नोंदीनुसार या सुलतानाला फारसी उत्तम समजे, पण बोलताना त्याची जीभ मराठीतच मोकळी होई. अशा माणसाला तानसेनाच्या पायांची काळजी वाटली, यात नवल नाही. त्याने स्वतः तंबोरा मांडीवर घेतलेला होता, आणि उभ्याने तंबोरा वाजवणाऱ्याचा खांदा कसा भरून येतो हे ऐकणाऱ्यापेक्षा वाजवणाऱ्याला अधिक कळते.

मोगलांकडे मात्र बसण्याचा हिशेब फार काटेकोर होता. सन 1615 च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून निघून बुऱ्हाणपुरास आला. तिथे जहांगीरचा मुलगा परवेझ दख्खनच्या स्वारीचा नामधारी सेनापती म्हणून मुक्काम करून होता. रो ने खुर्ची मागितली. या जागी आजवर कोणीही बसलेले नाही, असे उत्तर आले. फार तर चांदीने मढवलेल्या खांबाला टेकून उभे राहता येईल, एवढी सवलत मिळाली. मला हा खांब फार आवडतो. बसूही द्यायचे नाही आणि अपमान केला असेही म्हणू द्यायचे नाही, यासाठी मधला मार्ग म्हणून कोणाला तरी चांदीचा खांब सुचला. पुढे जहांगीरच्या दरबाराला रो ने नाटकगृहाची उपमा दिली: वर सज्जात राजा, खाली मंचावर नटांसारखे सरदार आणि त्याखाली बघ्यांची गर्दी. त्याने हे थोड्या कुचेष्टेने लिहिले असले तरी निरीक्षण चूक नाही, कारण त्या नाटकात प्रत्येकाचे पाऊल कोणत्या फरशीवर पडावे हे आधीच ठरलेले होते आणि एक फरशी पुढे सरकायला काहींची हयात जात असे.

त्यानंतर दोनच वर्षांनी, 1617 च्या ऑक्टोबरात, जहांगीर मांडवगडला असताना शाहजादा खुर्रम दख्खनची मोहीम आटोपून आला. विजापूरच्या आदिलशहाने, म्हणजे आपल्या तंबोरेवाल्या इब्राहिमानेच, नजराणे आणि हत्ती पाठवून तह केला होता. जहांगीर झरोक्यातून खाली उतरला, जवाहिर आणि सोन्याने भरलेली तबके त्याने मुलाच्या मस्तकावरून उधळली, तीस हजारी मनसब दिली आणि 'शाहजहान' हा किताब दिला. हे सारे त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. त्यात तो विशेष अभिमानाने सांगतो, की तख्ताजवळ शाहजाद्याला बसण्यासाठी खुर्ची ठेवण्याचा हुकूम आपण दिला आणि असे आपल्या घराण्यात पूर्वी कधी झाले नव्हते. तीस हजारांची मनसब, रत्नांची तबके, जगाचा राजा हे नाव, आणि या सर्वांच्या वरताण एक खुर्ची. कचेरीतल्या कारकुनाच्या नातवाला हे समजायला वेळ लागला नाही.

आता आग्र्याकडे यावे लागते, कारण आपल्याला लहानपणापासून माहीत असलेली कथा याच धाग्यात गुंफलेली आहे. दिनांक 12 मे 1666 हा दिवस आपण शिवाजी महाराजांच्या अपमानाचा दिवस म्हणून ओळखतो. तो औरंगजेबाचा चांद्रगणनेनुसार पन्नासावा वाढदिवस होता, दरबार सणासाठी सजलेला होता, ही गोष्ट आपल्या मनात तितकी ठसलेली नसते. ज्या दिवशी बादशहा उदार होतो, अंतर कमी होते, मान वाटले जातात, नेमका तो दिवस. महाराज पोचले तोवर मुख्य दरबार संपून बादशहा दिवाण-ए-खासमध्ये जाऊन बसला होता. नजर पेश झाली आणि महाराजांना पाच हजारी मनसबदारांच्या रांगेत नेऊन उभे करण्यात आले. वाढदिवसाचे विडे वाटले गेले, त्यांतला एक महाराजांनाही मिळाला. मग मानाचे पोशाख आले, ते शाहजाद्यांना, वजीर जाफरखानाला आणि जसवंतसिंहाला मिळाले. महाराजांना मिळाला नाही. या प्रसंगाचे वृत्त मिर्झाराजे जयसिंहांच्या माणसांनी राजस्थानीत लिहिलेल्या पत्रांत आहे. ते दरबारी इतिहासाहून अधिक ताजे आहे, कारण ती पत्रे घरच्या माणसांना, धसका घेऊन, घाईघाईने लिहिलेली आहेत. सुमारे घटिकाभर महाराज उभे होते. मग संतापाने त्यांचे डोळे भरून आले. मिर्झाराजांचा मुलगा कुमार रामसिंह विचारायला आला तेव्हा आपण कोण आहोत हे ठाऊक असूनही मुद्दाम उभे करून ठेवले, असे ते मोठ्याने बोलले. रामसिंहाने हात धरला, तो त्यांनी हिसडून सोडवला. आणि मग, त्या पत्रांत लिहिले आहे, ते एका बाजूला गेले आणि बसले.

ही कथा मी शेकडो वेळा ऐकली होती. बखरींत, शाळेच्या पुस्तकात, पोवाड्यात आणि नाटकात महाराज गरजतात, पाठ फिरवतात, तलवारीच्या मुठीवर हात ठेवतात. ते बसले, हे माझ्या वाचनातून इतकी वर्षे निसटत राहिले. इंग्लंडच्या राजाच्या वकिलाला जिथे खांबाला टेकण्यापलीकडे काही मिळाले नव्हते आणि एका शाहजाद्याला खुर्ची मिळाली ती घराण्याच्या इतिहासात नोंदण्याजोगी घटना ठरली होती, त्या दरबारात एक माणूस कोणाच्याही परवानगीवाचून खाली बसला. मोठ्याने बोलणे हा अविचार म्हणून खपवता आला असता, तसा तो खपवण्याचा प्रयत्न रामसिंहाने केलाही. पाहुण्याला उष्म्याचा त्रास झाला, हा जंगलातला वाघ आहे, इथल्या चालीरीती त्याला ठाऊक नाहीत, असे तो म्हणाला. पण उभ्या रांगांच्या त्या सभेत त्या बसण्याचा अर्थ न कळणारा एकही माणूस नसेल.

औरंगजेबाने नवरोजचा उत्सव राज्याच्या सुरुवातीलाच बंद केला होता. आग्र्याच्या त्या वाढदिवसानंतर थोड्याच वर्षांत स्वतःची तुला आणि दरबारातले गाणेही त्याने थांबवले. असद बेगने ज्या सणांचे नाव घेतले होते, ज्या दिवशी गवयाला बसून गाता येई, ते सण मोगल दरबारातून तेव्हा असे हळूहळू निघून गेले. विजापूरचे तर त्याआधीच ओसरले होते. सन 1599 मध्ये इब्राहिमाने शहराच्या पश्चिमेला वसवायला घेतलेले नवरसपूर पुरे झालेच नाही. 1624 मध्ये मलिक अंबरने ते उद्ध्वस्त केले. आजच्या तोरवी गावाशी संगीत महालाची उंच कमान, कोरडा हौद आणि विटलेली भिंत एवढे शिल्लक आहे. तिथे मी गेलो तो उन्हाळ्याचा दिवस होता. सावली कमानीच्या आतच काय ती होती आणि तिथे दोन मेंढपाळ डोक्याखाली घोंगडी घेऊन आडवे झाले होते. त्यांतल्या एकाने कन्नडात काहीतरी म्हटले आणि हाताने जागा दाखवली. भाषा कळली नाही तरी तो "बसा" म्हणाला एवढे कळले.

आजोबा मला दरवर्षी मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसाला नेत. त्या आवारात चिंचेच्या झाडाखाली रात्रभर गाणे चालते. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर त्याच आवारात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ गवई तिथे येऊन हजेरी लावून जातात. तिकीट नसते, पहिली रांग नसते, लोड-तक्के नसतात. जाजमावर गवई बसतो, शेजारी दोन तंबोरे, आणि त्याच जाजमाच्या उरलेल्या भागावर, मग सतरंजीवर, मग नुसत्या फरशीवर ऐकणारे बसत जातात; उशिरा आलेले दर्ग्याच्या पायऱ्यांवर टेकतात. आजोबा नेहमी कट्ट्याच्या कोपऱ्यात जागा धरत. धोतराचा सोगा सावरून, एक गुडघा उभा आणि एक आडवा, अशी त्यांची बैठक असे, आणि गवई तंबोऱ्याच्या खुंट्या पिळत असताना मी इकडेतिकडे बघत उभा राहिलो की ते माझा सदरा ओढून हळूच म्हणत, "खाली बस रे, षड्ज लागतोय."